आमचं आडनाव आलं कुठून? मुंबईतल्या मराठी घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेरचं आडनाव पेंडूरकर. शाळेत, बँकेत, लग्नात, सगळीकडे एकच प्रश्न यायचा: "म्हणजे नक्की कुठले हो तुम्ही?" घरात कुणाकडेच धड उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी या कामात पडले आणि आता ओळखीपाळखीचे लोक आपापली आडनावं घेऊन माझ्याकडे येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

आमचं आडनाव कुणीच ऐकलेलं नाही. त्याचा अर्थ कुठे शोधू?

अर्थ शेवटी शोधा. बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात आणि पहिला जुळणारा शब्द मिळाला की थांबतात. आधी दोन गोष्टी ठरवा. तुमच्या घरात हे आडनाव सगळ्यात जुन्या कुठल्या कागदावर दिसतं? आणि त्या कागदावर ते लिहिलं कुणी: घरच्या माणसाने, मास्तरांनी, की एखाद्या कचेरीतल्या कारकुनाने? आडनाव घराने स्वतः धरलं की बाहेरच्याने चिकटवलं, हे यातून कळतं. पुढचा सगळा शोध त्यावर उभा राहतो.

खापरपणजोबांच्या कागदावर आडनावच नाही. असं कसं?

त्यात नवल काहीच नाही. माणसाचं नाव, बापाचं नाव आणि गाव एवढ्यावर पूर्वी काम भागायचं. मुंबईतलंच उदाहरण घ्या. ग्रँट रोडच्या नाना चौकाला ज्यांचं नाव आहे ते नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट (१८०३ ते १८६५). 'शंकरशेट' हे त्यांच्या वडिलांचं नाव, घराण्याचं आडनाव मुरकुटे. पण शहराला मुरकुटे माहीतच नाहीत. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव दिलं ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचं पाळण्यातलं नाव रामकृष्ण विठ्ठल, तरी हयातभर ते 'भाऊ दाजी' म्हणूनच ओळखले गेले. इतक्या नामवंतांची ही गत, तर गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेल्या माणसाचं आडनाव कोण जपून ठेवणार?

इंग्रजी अमदानीत शाळा, नोकऱ्या आणि सरकारी नोंदी वाढल्या, तसं प्रत्येक नावामागे एक ठरलेलं आडनाव लागायला लागलं. म्हणून आडनाव मिळालं नाही तर त्या कागदावरचं बापाचं नाव आणि गाव धरा आणि पुढे चला.

आडनावाला 'कर' लागलंय. म्हणजे गाव मिळालंच ना?

निम्मं मिळालं. उरलेल्या निम्म्यातच माझी दोन वर्षं गेली.

पहिली अडचण अशी की एका नावाची अनेक गावं असतात. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव तर मोजायलाच नकोत. कोकणातही सुटका नाही. पेंडूर मालवण तालुक्यात आहे, वेंगुर्ला तालुक्यातही आहे. माझ्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जन्मगावापुढे 'पेंडूर, जि. रत्नागिरी' एवढंच होतं, तालुक्याची जागा कोरी. (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्याआधीच्या कागदात मालवण, वेंगुर्ला, कुडाळ सगळी रत्नागिरी जिल्ह्यातच सापडतील. जुना कागद वाचताना त्या वेळचा जिल्हा आणि तालुका आधी पाहून घ्या.) मी मालवणचं पेंडूर गाठलं. दोन दिवस फिरले, कुणी ओळखलं नाही.

दुसरी अडचण मला तिथेच उमगली. पेंडुरात पेंडूरकर कसे असतील? गावात सगळेच त्या गावचे. 'अमुककर' हे नाव माणूस गाव सोडून गेला की बाहेरच्यांनी दिलेलं असतं. म्हणजे गावात जाऊन 'इथे पेंडूरकर कुठे राहतात?' असं विचारण्यात काही अर्थ नव्हता. गावातलं जुनं आडनाव हातात हवं होतं. ते आजोबांच्या थोरल्या भावाच्या गिरणीच्या कागदावर मिळालं: परब. दोघे सख्खे भाऊ, लालबागच्या एकाच खोलीत राहणारे. एक गिरणीत परब, दुसरा महापालिकेच्या शाळेत पेंडूरकर.

गावाचा निकाल लागला तो कागदावर नव्हेच. दिवाळीला आत्या आली होती, ती सहज म्हणाली, "आई आपल्या गावच्या कोंबड्यांच्या जत्रेचं फार सांगायची." मातोंड-पेंडूरच्या घोडेमुख देवाची जत्रा कोंबड्यांची जत्रा म्हणूनच प्रसिद्ध आहे आणि हे पेंडूर वेंगुर्ल्याचं. आत्याला मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हा 'कर' असलं तर घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला आधी विचारा. गावची जत्रा कुठल्या देवाची? कुलदेवता कोण? लग्नात देवक कशाचं बसतं? गावाला जाताना कुठल्या बंदरावर उतरायचे, कुठल्या स्टँडवर एसटी बदलायचे? 'आपलं गाव कुठलं?' या प्रश्नाला नुसतं एक नाव मिळतं. या प्रश्नांनी ते गाव नकाशावर सापडतं.

म्हणजे एकाच घराला दोन-दोन आडनावं असू शकतात?

दोन काय, तीनही. मराठ्यांच्या इतिहासात याची ठळक उदाहरणं आहेत. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरवरून डफळे. आंग्रे मूळचे संकपाळ. कुळाचं नाव मागे राहिलं, गावाचं पुढे आलं. काही घरांत धंदा पुढे आला. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं कटगुणचं गोऱ्हे, पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यावर फुले झालं.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते बाबासाहेबांचं उदाहरण. घराण्याचं आडनाव सकपाळ. गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणून शाळेत आंबडवेकर. पुढे शाळेतल्या आंबेडकर आडनावाच्या शिक्षकांनी दप्तरात आंबेडकर असं नाव लावलं. कूळ, गाव आणि शाळेचं रजिस्टर, अशा तीन पायऱ्या. तुमच्या आडनावाची पायरी यातली कोणती, हे ठरल्याखेरीज पुढे जाऊ नका. आंबेडकरवरून 'आंबेड' नावाचं गाव शोधत बसलेला माणूस आंबडव्याला कधीच पोचणार नाही.

आमच्या आडनावाचा अर्थ विचित्र आहे. मुलांना वर्गात चिडवतात. खरंच पूर्वजांना लोक असं म्हणत असतील?

काही वेळा म्हणत असतील. अंगकाठी, सवय, घडलेला प्रसंग यांवरून पडलेली नावं मराठीत भरपूर आहेत. पण पुष्कळदा आपल्याला वाटणारा अर्थ आजचा असतो आणि शब्द जुना. अबदागिरे हे आडनाव घ्या. नुसतं ऐकून काही बोध होत नाही. अबदागीर म्हणजे सरदार-दरकदारांवर धरायची मानाची छत्री, मूळ फारसी आफताबगीर, सूर्य अडवणारी. ती धरण्याचं काम ज्या घराकडे, ते अबदागिरे. 'नीस' शेवटी असलेली आडनावं फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा यावरून आली. फडावर लिहिणारा फडणीस, फारसी पत्रं लिहिणारा पारसनीस, पागेचा हिशेब ठेवणारा पागनीस. हेजीब म्हणजे दरबाराचा वकील. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख खलाशी, आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत हे आडनाव आजही नांदतं आहे.

अर्थ शोधायचा तर जुन्या कोशात शोधा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात आले. दोन्ही आता संगणकावर मोफत पाहता येतात. आज बोलण्यातून गेलेले गावाकडचे, दप्तरातले, धंद्यातले शब्द तिथे भेटतात. आडनावाचा शेवटचा 'ए' काढून उरलेला शब्द शोधा, मग ह्रस्व-दीर्घ बदलून, 'ण'च्या जागी 'न' घालून पुन्हा शोधा.

चिडवल्या जाणाऱ्या मुलाला ही गोष्ट जरूर सांगा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने आपल्या आडनावाचा जुना अर्थ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

घरात एक गोष्ट सांगतात: पूर्वजांनी पराक्रम केला म्हणून हे नाव मिळालं. खरी मानू का?

लिहून ठेवा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला, पण पुरावा म्हणून धरू नका. घोरपडे मूळचे भोसले. दोराला बांधलेल्या घोरपडीच्या आधाराने किल्ला चढून गेले म्हणून हे नाव, अशी कथा आहे. गायकवाडांची कथा गाय आणि कवाड यांची, कसायापासून गाय वाचवून तिला दारातून आत घेतल्याची. या कथा त्या घराण्यांनी पिढ्यान्पिढ्या जपल्या, त्यांना त्यांचं मोल आहे. पण आधी आडनाव आणि मग त्यावर बेतलेली कथा, असंही पुष्कळदा होतं. कथेतलं गावाचं किंवा किल्ल्याचं नाव मात्र टिपून ठेवा.

पासपोर्टवरचं इंग्रजी स्पेलिंग आणि आजोबांची सही जुळत नाही.

देवनागरी सही खरी धरा. इंग्रजीत ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त, ड आणि द यांतला फरकच उरत नाही. काळे आणि काले, गोळे आणि गोले एकाच स्पेलिंगने लिहिले जातात. परदेशात वाढलेली नातवंडं मग ते स्पेलिंग वाचून तिसरंच काही उच्चारतात. देवनागरी सही मिळत नसेल तर लग्नपत्रिका शोधा. ती घरच्यांनी स्वतः मजकूर देऊन छापून घेतलेली असते.

मुंबईत कागद कुठे मिळतील?

आधी घरात. खाटेखालची ट्रंक, देवघराचा खण, पोटमाळा. भाडेपावत्या, गिरणीचा पास, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद, जुनी रेशनकार्डं. मनीऑर्डरच्या पावत्या तर सोन्यासारख्या. चाकरमानी गावी पैसे पाठवायचा, त्या पावतीवर घेणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि पोस्ट असतं, आणि गावातलं जुनं आडनावही हमखास तिथेच.

मग शाळा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागवू नका, जनरल रजिस्टरातली मूळ नोंद पाहायला मागा. दाखला हा त्या नोंदीची नक्कल असतो आणि नकलेत चुका होतात. जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयातलं आरोग्य खातं. मृत्यूची नोंद कुटुंबातले लोक विसरतात, पण तिच्यात पत्ता आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव मिळू शकतं.

गिरणगावातली ग्रामस्थ मंडळं तर विसरूच नका. एका गावचे लोक एका चाळीत एकवटले, त्यांनी गावकीची खोली घेतली, देवळासाठी वर्गणी काढली. त्या वर्गणीच्या वह्या कुणाच्या तरी कपाटात आजही आहेत. गोव्याकडच्या ख्रिस्ती बांधवांचे असेच गावनिहाय क्लब, कूड म्हणतात त्यांना, धोबीतलावच्या जेर महालात आहेत.

जमिनीच्या कागदांसाठी सातबारावर थांबू नका, जुने फेरफार मागा. वारसाची नोंद फेरफारात असते, म्हणजे एकाच कागदावर दोन पिढ्या. अनेक जिल्ह्यांचे जुने अभिलेख शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. त्याहून जुनं हवं असेल तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं पेशवे दफ्तर. छापील इतिहासासाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, स्थापना १८९८. उत्तर कोकण आणि माहीम-वसई पट्ट्यातल्या घराण्यांसाठी इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी संपादून १९२४ मध्ये छापलेली 'महिकावतीची बखर' चाळा. तिच्यात कुळांच्या याद्या आहेत. बखरीतला सगळाच मजकूर इतिहास नव्हे, पण आडनाव किती जुनं याचा अंदाज येतो.

कागद मोडी लिपीत आहेत. ती शिकायलाच हवी का?

महिनाभर बसलात तर नावं वाचण्याइतकी मोडी येते. पुराभिलेख विभाग आणि काही संस्था तिचे वर्ग घेतात. जाणकाराकडून वाचून घेतलंत तरी दोन गोष्टी स्वतःला माहीत हव्यात. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा फरक सहसा केलेला नसतो. आणि आधी ओळ आखून तिच्याखाली सलग लिहायची रीत असल्यामुळे शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. नाव कुठे संपलं आणि आडनाव कुठे सुरू झालं हे वाचणारा ठरवतो. आडनाव अनोळखी असलं की तो ते आपल्या ओळखीच्या आडनावाकडे ओढतो. म्हणून वाचून घेताना अक्षरागणिक लिप्यंतर मागा.

'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'मौजे' म्हणजे खेडं. मी एका घराच्या वंशावळीत 'बिन' हे आडनाव म्हणून टाइप केलेलं पाहिलं आहे! इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, दख्खनच्या फसली सनात ५९०, सुहूर सनात ५९९. वर्षारंभ वेगवेगळे असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

आजीच्या माहेरचं आडनाव शोधायचं आहे. कुठेच नोंद नाही.

हा प्रश्न आला की मी इतर कामं बाजूला ठेवते. लग्नात बाईचं आडनाव बदलायचं आणि पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावही. एकाच आजीची दोन संपूर्ण वेगळी नावं. सासरच्या कागदांत तिचं जुनं नाव सापडणारच नाही, म्हणून शोध तिच्या भावांकडून घ्या. मामाकडच्या लग्नपत्रिकांत 'आपले नम्र' खालची नावं वाचा. मुलांच्या बारशाला, मुंजीला, लग्नाला मामाचा आहेर आलेला असतो आणि आहेराच्या वहीत त्याचं आडनाव आणि गाव असतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर कोरलेली नावंही पाहा. माझ्या आजीच्या आईचं माहेर मला एका हंड्याच्या काठावर सापडलं. भांडी मोडीत घालण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा.

आम्ही हिंदू नाही. आम्हाला यातलं काय लागू पडेल?

पुष्कळसं. बेने इस्रायली म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू घरांत तर 'कर'चा नियम फारच स्वच्छ दिसतो. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही रायगडातल्या गावांवरून पडलेली नावं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे दिवेकर, त्यांचं नाव दिवे-आगरचं. ईस्ट इंडियन आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत डिसोजा, परेरा अशी नावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली, त्यावरून पोर्तुगालशी रक्ताचं नातं निघत नाही. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. तुमचा खरा खजिना चर्चची बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं. गावात घराला असलेलं वेगळं हाकेचं नावही विचारा, ते पोर्तुगीज आडनावापेक्षा जुनं असू शकतं. पारशी घरांत धंद्यावरून पडलेली नावं बरीच अलीकडची असतात, म्हणून तिथे पणजोबांचा धंदा शोधा.

आडनावावरून आमची जात कळेल का?

नाही. पवार, जाधव, चव्हाण, शिंदे, पाटील ही आडनावं अनेक जातींत आहेत. गाव एक, वतन एक, मालक एक, यांवरून एकच आडनाव वेगवेगळ्या घरांना लागलं. जात लागतेच असेल तर ती कागदावरच्या नोंदीतून दाखवावी लागते. आणि कुणाचं आडनाव ऐकून तर्क बांधत असाल, तर कृपा करून थांबा.

पैसे घेऊन वंशावळ करून देणारे आहेत. आणि डीएनए चाचणी?

मी एकदा पैसे मोजले. रंगीत कागदावर आमचं घराणं थेट एका राजवंशाला जोडलेलं आलं, एकाही नोंदीचा आधार नव्हता. आधार न दाखवणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. डीएनएमधून दूरचे नातेवाईक सापडू शकतात, आडनाव का पडलं हे त्यातून कळत नाही.

त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वह्या असतात म्हणे?

असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग. आलेल्या यजमानाने स्वतःच्या हाताने किंवा सांगून केलेली नोंद त्यांत सापडते आणि तिच्यात बाप-आजोबांची नावं असतात. तिथे आजचं आडनाव सांगून काम होईलच असं नाही. मूळ गाव सांगा, जुनं आडनाव माहीत असेल तर तेही. गाव माहीत नसताना जाऊ नका, फेरी फुकट जाईल.

मधल्या पिढीत कुणी कायद्याने आडनाव बदललं असेल तर?

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद छापली जाते, जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी. बदलाचं साल माहीत असेल तर शोध सोपा आहे.

गाव सापडलं, पण तिथे आमचं कुणीच उरलेलं नाही. जाऊन काय करू?

जा. जाताना आजोबा-पणजोबांची नावं लिहून न्या आणि त्यांची टोपणनावं त्याआधी. जुन्या माणसांना कागदावरची नावं आठवत नाहीत. वेंगुर्ल्याच्या पेंडुरात देवळाजवळ एक आजोबा बसले होते. त्यांनी विचारलं, "कोणाचा चेडू गो तू?" मी आजोबांचं नाव सांगितलं, त्यांनी मान हलवली. थोरल्या आजोबांचं नाव सांगितलं, तरी नाही. मग आत्याने सांगितलेलं त्यांचं घरातलं टोपणनाव घेतलं, तसे ते उठून उभे राहिले आणि मला वाडीच्या टोकाशी घेऊन गेले. तिथे जांभ्याचा एक चौथरा होता, त्यावर रानमोडी माजलेली. परतताना त्यांनी देवळाच्या वर्गणीची वही काढायला लावली आणि माझा मुंबईचा पत्ता लिहून घेतला. पेंडूरकर लिहा, असं मी म्हणत होते. त्यांनी परब लिहिलं.